शाळेतून बोलावणं आलंय? सही करायच्या आधी हे वाचा

पोराने व्हॉट्सॲपला स्टेटस टाकलं. किंवा खिचडीत अळी निघाली, तिचा फोटो गावाच्या ग्रुपवर गेला. किंवा पोरीने परिपाठाला हात वर करून विचारलं, की मुलींच्या संडासात दिवाळीपासून पाणी का नाही. आणि आता शिपाई मामा सांगून गेलाय, उद्या अकराला आईवडिलांनी यावं, मोठ्या सरांनी बोलावलंय. आज रात्री ज्या घरात यावरून बोलाचाली चालली असेल, त्या घरासाठी हे लिहितेय.

मी एरंडोल-पारोळ्याकडच्या एका अनुदानित माध्यमिक शाळेतून वरिष्ठ लिपिक म्हणून निवृत्त झाले. वकील नाही, शिक्षिकाही नाही. पण शाळेतली नोटीस, माफीनामा, दाखला यातलं काहीही माझ्या टेबलाला लागल्याशिवाय पुढे जात नसे. शिक्षा वर्गात होते असं लोकांना वाटतं. ती कार्यालयात होते, आणि बहुतेक वेळा कागद न करता होते. म्हणून माझं सगळं सांगणं कागदाभोवती फिरतं. पोराने जे लिहिलं ते बरोबर की चूक, हा वाद घरी घाला. शाळेत जाताना एवढंच डोक्यात ठेवा, की शिक्षा तोंडी आहे तोवर तिच्याशी भांडता येत नाही.

त्या दिवशी कशावरही सही नको

शाळेला मूल काढायचं असतं तेव्हा ती मूल काढत नाही, पालकांकडून दाखला मागवून घेते. बहुतेक कार्यालयांत या अर्जाचा नमुना तयार असतो: "आमच्या घरगुती अडचणीमुळे माझ्या पाल्याचा शाळा सोडल्याचा दाखला मिळावा, ही विनंती." नाव आणि तारीख तेवढी भरायची. समोर सर रागावलेले, संस्थेचे एखादे संचालक मुद्दाम येऊन बसलेले, बाप शेतातून तसाच आलेला. तो म्हणतो, "पोऱ्याले माफ करा सर," आणि दाखवतील तिथे सही करतो. संध्याकाळपर्यंत जनरल रजिस्टरला पोराच्या नावापुढे शेरा पडतो: पालकांच्या विनंतीवरून. झालं. मग गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे जा नाहीतर कोर्टात जा, शाळा तो अर्ज पुढे करते आणि म्हणते, आम्ही काढलंच नाही, त्यांनीच नेलं.

एवढा आडमार्ग कशासाठी? कारण सरळ मार्ग बंद आहे. शिक्षण हक्क कायदा २००९ च्या कलम १६ नुसार आठवीपर्यंतचं शिक्षण पूर्ण होईपर्यंत मुलाला शाळेतून काढता येत नाही. २०१९ साली त्यात दुरुस्ती झाली आणि पाचवी-आठवीला नापास करायची मुभा राज्यांना मिळाली. काढून टाकायची मुभा तेव्हाही मिळाली नाही. त्यामुळे सातवीतल्या मुलाला "दाखला घेऊन जा" म्हणणारे सर कायद्याबाहेरचं बोलत असतात, आणि बऱ्याचदा त्यांना ते ठाऊकही असतं. अल्पसंख्याक संस्थांच्या शाळांना मात्र हा कायदा लागू नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये ठरवलंय, तेव्हा आपली शाळा कोणत्या प्रकारची ते आधी पाहा.

म्हणून उद्या गेलात की ऐकून घ्या. आवाज चढवू नका. सही मागितली तर म्हणा, "घरी विचार करीसन सांगसू." आपल्याकडे घरातल्या मोठ्यांना विचारायचंय म्हटलं की कोणी वाईट मानत नाही, त्याचा उपयोग करा. दोघांपैकी एकाने जाण्यापेक्षा दोघांनी जा, आणि सोबत लिहितावाचता येणारं एखादं माणूस न्या. भाऊबंदातला पुढारी नेऊ नका. तो गेला की सरांना माघार घ्यायला जागाच राहत नाही.

माफीनाम्याचं थोडं वेगळं. माफी मागण्यात कमीपणा नाही, आणि निम्मी प्रकरणं तिथेच मिटतात. पण कशाची माफी, हे वाक्य तुमचं हवं. "माझ्या शब्दांनी मॅडमना वाईट वाटलं, त्याबद्दल मी दिलगीर आहे" हे पोराने स्वतःच्या अक्षरात लिहिलं तर चालेल. "मी शाळेची बदनामी केली असून यापुढे शाळा देईल ती शिक्षा मला मान्य राहील" हे चालणार नाही. पहिल्या वाक्यात दिलगिरी आहे. दुसऱ्यात गुन्ह्याची कबुलीही आहे आणि पुढच्या वेळचा कोरा चेकही. स्टॅम्पपेपरवर हमीपत्र आणा म्हणाले, तर कोणत्या नियमाने ते विचारा. स्टॅम्पपेपरचं नाव घेतलं की लोक घाबरतात, म्हणून ते मागितलं जातं.

पोराने नेमकं काय केलं, ते तीन प्रश्नांत काढा

घरी पोराला मारझोड करण्याआधी शांतपणे विचारा: काय लिहिलंस, कुठे लिहिलंस, आणि त्यामुळे शाळेचं काय अडलं? तिसरा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. "सरांना राग आला" हे त्याचं उत्तर होत नाही. तास बंद पडला, मारामारी झाली, कोणाला शाळेत यायची भीती वाटायला लागली, हे उत्तर होतं.

हा फरक जगात बराच जुना आहे. अमेरिकेत डे मॉइन गावच्या काही मुलांनी डिसेंबर १९६५ मध्ये व्हिएतनाम युद्धाच्या निषेधात दंडाला काळ्या फिती बांधल्या, शाळेने त्यांना घरी पाठवलं, आणि १९६९ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की शिकवण्याच्या कामात खरोखर मोठा अडथळा आला हे दाखवल्याशिवाय अशी बंदी घालता येत नाही. तो निकाल आपल्या शाळांना बांधील नाही. पण कसोटी म्हणून डोक्यात ठेवायला चांगला आहे.

आपल्याला बांधील असलेला निकाल केरळचा आहे, आणि माझ्यासारख्या कारकुनाला तो फार आवडतो. कारण पुढे सांगते. जुलै १९८५ मध्ये एकाच घरातली तीन भावंडं, दहावी, नववी आणि पाचवीतली, शाळेतून काढली गेली. ती यहोवाचे साक्षीदार या ख्रिस्ती पंथाची. राष्ट्रगीताला सावधान उभी राहायची, गायची नाहीत. एका आमदाराने विधानसभेत प्रश्न काढला, चौकशी झाली, चौकशीत आलं की मुलांनी कधी अनादर केलेला नाही. तरीही वरून आलेल्या सूचनेवरून मुख्याध्यापिकेने त्यांना काढलं. वडील विनवत राहिले, सरकारचा आदेश येईपर्यंत तरी बसू द्या. बाई म्हणाल्या, माझ्या हातात नाही. केरळच्या उच्च न्यायालयात ते हरले. ११ ऑगस्ट १९८६ ला सर्वोच्च न्यायालयाने मुलांना परत घ्यायला लावलं.

निकालात दोन गोष्टी आहेत. घटनेच्या कलम १९(१)(क) मधल्या बोलण्याच्या स्वातंत्र्यात गप्प राहण्याचं स्वातंत्र्यही येतं, ही पहिली. दुसरी गोष्ट अशी, की शिक्षण खात्याने ज्या परिपत्रकांवर बोट ठेवलं होतं त्यांना कोणत्याही कायद्याचा आधार नव्हता. आणि नुसत्या खात्याच्या सूचनेवरून नागरिकाचा मूलभूत हक्क अडवता येत नाही. आमच्या कार्यालयात परिपत्रकांच्या फायलींचं एक अख्खं कपाट होतं. गुरुजनांचा त्या कपाटावर फार विश्वास. कोणी काही विचारलं की, "वरून जी.आर. आहे." जी.आर. असेल तर त्याचा क्रमांक आणि तारीख मागा. खरा असला तर दोन मिनिटांत सापडतो.

बोलण्याच्या स्वातंत्र्याला वयाची अट नाही, ते नागरिकाला आहे, आणि आठवीतलं पोर नागरिकच आहे. पण कलम १९(२) ची वाजवी बंधनंही त्याला लागू आहेत. सरकारी, जिल्हा परिषदेच्या आणि अनुदानित शाळेपुढे हा हक्क जोरात मांडता येतो. विनाअनुदानित इंग्रजी माध्यमाच्या शाळेत प्रवेश अर्जामागच्या अटी आधी वाचा, तिथे भांडण घटनेपेक्षा त्या अटींवर आणि शिक्षण हक्क कायद्यावर चालतं. गणवेश आणि धार्मिक खुणांच्या वादात शिरू नका असं मी सांगेन. हिजाबच्या प्रकरणात १३ ऑक्टोबर २०२२ ला खुद्द सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींची दोन मतं पडली. तशी वेळ आली तर वकीलच गाठा.

आता आपल्याकडची नेहमीची उदाहरणं.

खिचडीचा फोटो. यात पोराची बाजू भक्कम असते, पण फोटोपेक्षा शाळेचीच एक वही तिच्या जास्त कामाची आहे. शालेय पोषण आहाराची चव मुलांना वाढण्याआधी शिक्षकांनी घ्यायची आणि चव नोंदवहीत सहीनिशी लिहायचं, अशी पद्धत आहे. फोटो ज्या दिवसाचा, त्या दिवसाचं चव नोंदवहीचं पान दाखवा म्हणा. तिथे "उत्तम" लिहून सही असेल तर सही करणाऱ्याला उत्तर द्यावं लागेल. पान कोरं असेल तर तुमच्या पोराला शिक्षा करायचा उत्साह आपोआप मावळतो. हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

सरांची नक्कल करणारी रील. नक्कल हा गुन्हा नाही, वात्रटपणा आहे. गावच्या तमाशातल्या सोंगाड्याने पाटलाची नक्कल केली तर पाटीलही हसतो, पण तेच पाटलाच्या दारात जाऊन केलं तर काठी बसते. पोराला एवढं समजावा आणि रील काढून टाकायला सांगा. पण सरांच्या नावाने खोटं खातं उघडलं, मॅडमच्या फोटोत काही घाणेरडं जोडलं, वर्गातल्या मुलीचा फोटो तिला न विचारता फिरवला, जातीवरून कोणाला बोललं, तर कृपा करून "बोलण्याचं स्वातंत्र्य" हे शब्द तोंडातून काढू नका. माहिती तंत्रज्ञान कायद्यात दुसऱ्याच्या नावाने वावरण्याला आणि अश्लील मजकुराला वेगळी कलमं आहेत, ॲट्रॉसिटी कायदा आहे, आणि मुळात ते कृत्यच चुकीचं आहे. अशा वेळी ज्याचं मन दुखावलं त्याच्या घरी जा, शाळा नंतर.

सोशल मीडियावरच्या पोस्टवरून "पोलिसात देतो" अशी धमकी हमखास येते. नोव्हेंबर २०१२ मध्ये पालघरच्या दोन तरुण मुलींना मुंबई बंदवरच्या फेसबुक पोस्टपायी अटक झाली होती, त्यात माहिती तंत्रज्ञान कायद्याचं जे कलम ६६-अ लावलं होतं ते सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ ला रद्द केलं. कोणी अजूनही त्याचं नाव घेत असेल तर त्याला तारीख सांगा. आणि अठराच्या आतल्या मुलाला पोलीस लॉकअपमध्ये ठेवता येत नाही, हे बाल न्याय कायदा २०१५ मध्ये स्पष्ट लिहिलंय.

काळ्या फिती, एसटी अडवणं, शाळेला कुलूप. फिती बांधून वर्गात गुपचूप बसली तर पोरांची बाजू बरोबर. एसटी अडवली की ती शाळेची शिस्त राहत नाही, रस्त्याचा प्रश्न होतो. त्यात पोरांना पुढे करणारा मोठा माणूस कोण ते शोधा. शंभरात नव्वद वेळा सापडतो. (हा आकडा कुठल्या पाहणीतला नाही, माझ्या टेबलावरचा अंदाज आहे.)

नंदुरबारला हुतात्मा शिरीषकुमारचं स्मारक आहे. ९ सप्टेंबर १९४२ ला मिरवणुकीत हातात झेंडा घेतलेला शाळकरी पोरगा, वय पंधरा, गोळ्या झेलून पडला, आणि त्याच्यासोबत आणखी चौघे. दर सप्टेंबरला आपण पोरांकडून त्याच्यावर भाषणं पाठ करून घेतो. आणि ऑक्टोबरमध्ये संडासात पाणी नाही म्हणणाऱ्या पोरीला वर्गाबाहेर उभं करतो. मला याचं हसू यायचं, पण क्लार्कने मोठ्याने हसायचं नसतं.

अर्ज कसा लिहायचा

शाळेतून घरी आलात, की त्याच दिवशी एक अर्ज लिहा. हाताने लिहिला तरी चालतो. मजकूर असा ठेवा:

"प्रति, मा. मुख्याध्यापक. विषय: माझा मुलगा (नाव), इयत्ता आठवी, तुकडी ब, याच्यावरील कारवाईबाबत लेखी माहिती मिळणेबाबत. महोदय, आज दि. ____ रोजी आपण मला तोंडी सांगितले की माझ्या मुलास वर्गात बसू दिले जाणार नाही. तरी विनंती की, त्याने नेमके काय लिहिले अथवा बोलले, त्यामुळे शाळेच्या कोणत्या कामात व कधी अडथळा आला, ही कारवाई कोणत्या नियमानुसार आहे, ती किती दिवसांची आहे, आणि त्याचे म्हणणे आपण कधी ऐकून घेणार आहात, हे मला लेखी कळवावे. लेखी आदेश मिळेपर्यंत त्यास वर्गात बसू द्यावे. आम्ही दाखल्याची मागणी केलेली नाही. आपला विश्वासू."

शेवटून दुसरं वाक्य विसरू नका. नंतर कोणी मागच्या तारखेचा अर्ज पुढे केला तर हेच वाक्य आडवं येईल.

अर्जात शिव्याशाप, "कोर्टात खेचीन", "आमदार साहेबांना सांगीन" असलं काही नको. दोन प्रती करा. एक कार्यालयात द्या, दुसरीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घ्या. याला पोहोच म्हणतात. क्लार्क म्हणेल, "सर नाहीत, उद्या या." सर नसले तरी आवक-जावक वही असते, ती सरांच्या कपाटात नसते. तरीही घेत नसतील तर पोस्टाने पाठवा आणि पावती जपा. व्हॉट्सॲपवर मुख्याध्यापकांना फोटो पाठवून ठेवला तरी निदान दोन निळ्या खुणा राहतात.

हा अर्ज आत गेला की काय होतं? आम्ही त्याला नंबर देतो आणि सरांपुढे ठेवतो. सर वाचतात. मग सचिवांना फोन. आता कोणाला तरी लिहून द्यायचंय, की "विद्यार्थ्याने खिचडीबद्दल स्टेटस ठेवल्यामुळे त्यास वर्गाबाहेर ठेवण्यात येत आहे," आणि खाली सही करायचीय. ही सही करायला कोणी तयार नसतं. सरांना पेन्शनची काळजी, सचिवांना अनुदानाची. दोन दिवसांत निरोप येतो, पोराला पाठवून द्या, पाहू. माझ्या समोर आलेल्या प्रकरणांतली बरीचशी इथेच संपली, शिक्षणाधिकाऱ्यांपर्यंत गेलीच नाहीत.

आणि लेखी आदेश खरोखर निघालाच, तर तेही बरंच. त्यावर अपील करता येतं.

वर कुठे जायचं

पहिली ते आठवी असेल तर पंचायत समितीत गटशिक्षणाधिकारी. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम ३२ खाली लेखी तक्रार केली की तीन महिन्यांत निर्णय द्यायचा असतो, आणि तो पटला नाही तर राज्य बाल हक्क संरक्षण आयोगाकडे अपील. मारलं असेल, उन्हात उभं केलं असेल, सगळ्यांसमोर अपमान केला असेल तर कलम १७ लिहा. त्यात मार आणि मानसिक छळ दोन्ही येतात, आणि पोराने काहीही बोललेलं असो, त्याचं उत्तर छडी होऊ शकत नाही. गटशिक्षणाधिकाऱ्यांआधी शाळा व्यवस्थापन समितीतल्या पालक सदस्यांना भेटलात तर उत्तम. त्या समितीत पाऊण हिस्सा पालकांचा असतो आणि निम्म्या बायका असाव्या लागतात. कागदावर तरी असतातच.

नववी-दहावीला कलम १६ चं कवच नाही. तिथे शिक्षणाधिकारी माध्यमिक, म्हणजे जळगाव, धुळे किंवा नंदुरबारच्या जिल्हा परिषदेत, आणि त्यांच्यावर नाशिकचे विभागीय शिक्षण उपसंचालक. माध्यमिक शाळा संहितेतल्या कोणत्या नियमाने काढताय, एवढंच विचारत राहा. दहावीला आणखी एक धाक असतो: अंतर्गत वीस गुण. "तुझे वीस माझ्या हातात आहेत" हे वाक्य कोणत्याही परिपत्रकात नाही, पण सगळ्या वर्गांत ऐकू येतं. उपाय म्हणून वह्या, प्रकल्प, प्रयोगवही वेळेत तपासून घ्या, सह्या झालेल्या पानांचे फोटो काढून ठेवा, आणि भांडण चालू असताना तर नक्कीच.

सातपुड्याच्या पट्ट्यातल्या आश्रमशाळा आदिवासी विकास विभागाच्या. तिथे यावल, धुळे, नंदुरबार, तळोदा या प्रकल्प कार्यालयांत प्रकल्प अधिकाऱ्यांना अर्ज द्यायचा. जेवणावरून मुलं तोंड उघडतात, आणि घर चाळीस मैलांवर असल्याने त्यांच्या मागे कोणी नसतं. तुमचं मूल तिथे असेल तर फोनवर "नीट राहा" एवढंच सांगू नका, काय म्हणतंय ते तारीख घालून लिहून ठेवा. वसतिगृहातल्या मोबाईलबंदीवर २०१९ चा केरळ उच्च न्यायालयाचा निकाल आहे: रोज संध्याकाळी फोन काढून घेण्याला एका विद्यार्थिनीने विरोध केला, तिला वसतिगृहातून काढलं, आणि न्यायालयाने इंटरनेट वापरणं हा शिक्षणाच्या आणि खासगीपणाच्या हक्काचा भाग मानून तिला परत घ्यायला सांगितलं. ती कॉलेजची मुलगी होती. आठवीच्या पोराला रात्री फोन हवाच, असा त्याचा अर्थ काढू नका.

कॉलेजचं वेगळं. यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, २०२३ च्या विनियमांप्रमाणे प्रत्येक महाविद्यालयासाठी विद्यार्थी तक्रार निवारण समिती हवी. तिने शक्यतो पंधरा कामकाजाच्या दिवसांत अहवाल द्यायचा, आणि तो पटला नाही तर विद्यापीठाच्या लोकपालांकडे पंधरा दिवसांत अपील. आपल्या तिन्ही जिल्ह्यांसाठी ते विद्यापीठ म्हणजे जळगावचं कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ.

माहिती अधिकार हे माझं आवडतं हत्यार. अनुदानित शाळेला तो लागू आहे. दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट, एकच विषय, दीडशे शब्दांच्या आत, आईच्या किंवा वडिलांच्या नावाने. "कारवाई का केली" असं विचारू नका, त्याला "माहिती उपलब्ध नाही" असं उत्तर येतं. कागद मागा: अमुक तारखेचं चव नोंदवहीचं पान, तक्रारपेटी उघडल्याची नोंद, त्या बैठकीचा ठराव, ज्या नियमाने कारवाई झाली त्याची प्रत. तीस दिवस थांबा. उत्तर नाही आलं तर पहिलं अपील, मग नाशिकच्या माहिती आयुक्तांकडे.

कोर्ट सगळ्यात शेवटी. आपल्याला औरंगाबाद खंडपीठ लागतं, जायला-यायला दिवस मोडतो. पण पैसे नाहीत म्हणून अडू नका: विधी सेवा प्राधिकरणाकडून बायका, मुलं, अनुसूचित जाती-जमातीच्या लोकांना उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो. जिल्हा न्यायालयाच्या आवारातच कार्यालय असतं, फोन १५१००. मुलाला मारहाण, धमकी, कोंडून ठेवणं असं काही असेल तर या कोणत्याच रांगेत उभं न राहता १०९८ लावा.

पोरांनो, आता तुमच्याशी

शाळेबद्दल लिहायचं असेल तर असं लिहा की खोडता येणार नाही. "आमची शाळा बेकार आहे" याने कोणाचं काही बिघडत नाही, उलट तुम्हीच पकडले जाता. "सोमवारपासून मुलींच्या संडासात पाणी नाही, टाकीचा नळ तुटलाय" यावर कोणी काय बोलणार? तारीख घाला, टोपणनावं गाळा, कोणाच्या दिसण्यावर, जातीवर, घरावर जाऊ नका. आधी तक्रारपेटीत चिठ्ठी टाका आणि टाकताना तिचा फोटो काढून ठेवा. मग उद्या कोणी म्हटलं, "आधी आम्हाला का नाही सांगितलंस?", तर दाखवता येतो. मुलींना सांगते, शाळेत मुलींच्या सुरक्षिततेसाठी सखी सावित्री समिती असते, तिच्या सदस्यांची नावं फलकावर असायला हवीत. नसतील तर तोच तुमचा पहिला अर्ज.

भित्तीपत्रक काढत असाल तर उत्तमच. अमळनेरच्या छात्रालयात साने गुरुजी मुलांसाठी हाताने लिहून रोजचं दैनिक काढायचे, ही आपल्याच भागातली गोष्ट आहे. खाली संपादक म्हणून खरी नावं घाला. निनावी कागद मीही कचऱ्यात जाताना पाहिलेत.

मिटल्यावर एक काम राहतं

प्रकरण मिटलं, चहा झाला, सरांनी पोराच्या पाठीवर हात ठेवला, की आईबाप निघून जातात. थांबा. पोर जितके दिवस वर्गाबाहेर होतं, त्या दिवसांची हजेरी कशी लागलीय ते विचारा. शाळेने घरी बसवलेलं असतं आणि हजेरीपटावर मात्र "गैरहजर" लागलेलं असतं. दहावीच्या पोराला पंचाहत्तर टक्क्यांच्या हिशेबात ते वर्षअखेर नडतं, आणि तोवर कोणाला काही आठवत नाही. दुरुस्तीसाठी साधा अर्ज द्या, वर्गशिक्षकांची आणि मुख्याध्यापकांची सही होऊन पटावर शेरा पडला की नाही ते स्वतः पाहा. पुढे कधी शाळा सोडाल तेव्हा दाखल्यावरचा वर्तणुकीचा रकाना खिडकीतच वाचा. तिथे "चांगली" नसेल तर का नाही, हे दाखला हातात घ्यायच्या आधी विचारायचं.